कालिंदीचा फणस

“मग उपटू की नको, तेवढं सांगा बुवा.”

सोयरूबुवांनी मान वर केली नाही. पुढ्यात केळीच्या पानावर फोडलेला फणस होता. बोटांना खोबरेल चोपडून ते एकेक गरा सोडवत होते. आठळ्या एका बाजूला, गऱ्यांमधली चीक लागलेली पाती दुसऱ्या बाजूला.

विश्राम धुरी खळ्यात उकिडवा बसला होता. वाडीच्या वरच्या अंगाला, व्हाळाच्या काठी बुवांची ही मातीची खोपी. दर गुरुवारी तो इथे यायचा. पावसाआधी खोपी शाकारून द्यायचा. बुवांना विचारल्याशिवाय त्याने कधी बैल विकला नव्हता, की मुलीचं लग्न ठरवलं नव्हतं. चारचौघांत हे तो अभिमानाने सांगायचा.

“काय उपटायचंय?” बुवांनी विचारलं.

“फणसाचं रोप. कालिंदीने लावलंय. विहिरीच्या मागे, परसदाराच्या अगदी मधोमध.”

कालिंदी त्याची धाकटी बहीण. मागच्या दिवाळीनंतर एक ट्रंक घेऊन ती सासरहून परत आली होती. कोणी हाकललं नव्हतं. नवऱ्याने हात उगारला, तशी ती जेवणाच्या पाटावरून उठली आणि चालू लागली. समजूत घालायला माणसं आली. तिने त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं.

“मी तिला काही कमी केलं नाही, बुवा,” विश्राम म्हणाला. “मागची पडवी दिली. वेगळी चूल हवी म्हणाली, चूल दिली. भाजी लाव म्हटलं. अबोली लाव म्हटलं. पण फणस…”

“फणसाचं काय?”

“फणस म्हणजे भाजी नव्हे. माझी नातवंडं म्हातारी होतील तेव्हाही तो तिथेच असेल. लोक म्हणतील, कालिंदीचा फणस. मग ती जागा कोणाची?”

बुवांनी एक गरा तोंडात टाकला. सावकाश चावला. आठळी बोटांत धरून बाजूच्या ढिगात ठेवली.

“तिला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हटलं, लावायचाच तर व्हाळाकडे कुंपणाच्या बाहेर लाव. तर म्हणते, बाहेरच राहायचं असतं तर मी आत कशाला आले असते.”

बुवा हसल्यासारखे वाटले. पण तोंडात गरा होता, नीट कळलं नाही.

“मग उपटू?”

“उपट.”

विश्रामने चमकून पाहिलं. एवढं सरळ उत्तर त्याला बुवांकडून कधी मिळालं नव्हतं.

“तुम्ही सांगितलंत म्हणून सांगू तिला?”

“…सांग.”

त्याच संध्याकाळी विश्रामने रोप उपटलं. जांभळट कोंब, नुकती फुटलेली पानं. मुळाशी आठळी अजून तशीच चिकटलेली होती.

कालिंदी विहिरीवर कळशी घासत होती. तिने पाहिलं.

“बुवांनी सांगितलं,” विश्राम म्हणाला.

कालिंदीने हात धुतले. पदराला पुसले. आणि कळशी तिथेच ठेवून ती वाट चढू लागली.

बुवांकडे ती आजवर कधी गेली नव्हती. भाऊ दर गुरुवारी बोलवायचा, ती यायची नाही. खोपीपाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. ती पाया पडली नाही.

“उपटायला तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“का?”

“त्याने विचारलं.”

“मी परत लावणार आहे.”

“बरं.”

“मी परवानगी मागायला आलेली नाही.”

“मग कशाला आलीस?”

“सांगायला.” ती थांबली. “आणि आठळ्या न्यायला. घरात होत्या तेवढ्या वहिनीने आमटीत घातल्या. जुन्या सुकलेल्या रुजत नाहीत.”

बुवांनी केळीचं पान तिच्याकडे सरकवलं. आठळ्यांवरचं बुळबुळीत साल अजून ओलं होतं. कालिंदी खाली बसली. एकेक उचलून, दाबून, उजेडाला धरून पाहू लागली. टपोऱ्या तेवढ्या तिने पदरात घेतल्या.

“हा कापा आहे, घट्ट गऱ्याचा,” बुवा म्हणाले. “पण बी लावून कापाच येईल असं नाही. बरकाही निघेल. नुसता चोखायचा.”

“निघेल तो खाईन.”

“फळ धरायला वर्षं जातात.”

“जाऊ देत. मी कुठे जाणार आहे?”

“तो परत उपटेल.”

“मी परत येईन.”

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग एक गरा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि तिथेच बसून खाल्ला.

“भाजी का नाही लावत?” त्यांनी विचारलं. “भाजीला तो नाही म्हणत नाही.”

“भाजी पावसाबरोबर येते आणि संपते. दर वर्षी नव्याने विचारावं लागतं, दादा, यंदा लावू का? मला परत परत विचारायचं नाही.”

बुवा व्हाळाचं पाणी ऐकत बसले.

कालिंदी निघाली. जाताना तिने मागे वळून विचारलं नाही, की पुन्हा उपटायला सांगाल का.

आषाढात त्याच जागी पुन्हा कोंब आला. या वेळी कालिंदीने मातीचा उंचवटा केला होता, पाणी साचून मूळ कुजू नये म्हणून.

विश्राम भर पावसात इरलं घेऊन वर गेला.

“बुवा, उपटलं ते परत आलं.”

“मग परत उपट.”

“पण तिला बिया मिळाल्या कुठून? आमच्या घरात तर…”

“मी दिल्या.”

विश्राम इरल्यासकट खाली बसला.

“तुम्ही?”

“हो.”

“मला सांगता उपट, आणि तिला बिया देता?”

“तू येऊन म्हणालास, उपटू का. ती येऊन म्हणाली, आठळ्या द्या.”

“तुम्हाला ठाऊक होतं ती लावणार.”

“भाजून खाईल असं वाटलं नव्हतं.”

“मग तुम्ही कोणाच्या बाजूचे?”

बुवा चुलीतली लाकडं पुढे सरकवत राहिले. ओल्या लाकडाचा धूर विश्रामच्या डोळ्यांत गेला. त्याने डोळे चोळले.

“विश्राम, तिथे तुझं काय आहे? विहिरीमागे?”

“काही नाही. मोकळी जागा.”

“काय करणार होतास तिथे?”

“काही नाही. असू दे, म्हणून ठेवलीय.”

बुवांनी चुलीत फुंकर घातली.

“झाड लावलं की ती कायमची राहील, बुवा,” विश्राम एकदम म्हणाला. हे त्याने आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. “आज ना उद्या नवरा न्यायला येईल, ती जाईल, असं धरून चाललो होतो. मी तिला पाहुणीसारखं ठेवलं. चांगलं ठेवलं. पण पाहुणी झाड लावत नाही.”

“हे तिला सांगितलंस?”

“नाही. तुमचं नाव सांगितलं.”

बुवांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही.

तो घरी आला तो रागावलेला. कोणावर, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने रोप धरून हिसकलं. या खेपेला मूळ खोल गेलं होतं. ते मध्येच तुटलं. वरचं हातात आलं, खालचं मातीत राहिलं.

कालिंदी पडवीच्या दारात उभी होती.

“बुवांनी सांगितलं,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “मला आठळ्याही त्यांनीच दिल्या होत्या.”

ती पुन्हा वर गेली. बुवांच्या झाडावर एकच फणस उरला होता, पावसाने एका अंगाने सडलेला. बुवांनी कोयत्याने सडका भाग काढला. उरलेल्यातून हाताला लागतील तेवढ्या धड आठळ्या काढून दिल्या. यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फणस नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने तुटलेलं मूळ उकरून काढलं, माती मोकळी केली, शेण कालवलं, आणि आठळी आडवी ठेवून वर मूठभर माती ओढली. हे सगळं तिने भर दुपारी केलं. घरातली सगळी ओसरीवर बसलेली असताना. विश्राम सुपारी कातरत होता. त्याने पाहिलं. तिनेही पाहिलं की तो पाहतोय.

श्रावणात कोंब वर आला.

विश्रामने वाट पाहिली नाही, तो बुवांकडेही गेला नाही. चहा झाल्याबरोबर तो विहिरीमागे गेला.

कालिंदी तिथेच होती. रोपाभोवतीचं गवत काढत होती. ती बाजूला झाली, त्याला जागा करून दिली.

“उपट,” ती म्हणाली. “मी हात धरणार नाही. ओरडणार नाही. वाडीत कोणाला सांगणार नाही.”

तो वाकला.

“फक्त या वेळी बुवांचं नाव घ्यायचं नाही. तोंडाने म्हण, मी विश्राम, माझ्या बहिणीचं झाड उपटतो. मग उपट.”

“हा काय पोरखेळ?”

“म्हण ना. खरंच आहे ते.”

विश्रामने रोप दोन बोटांत धरलं. हाताएवढंही नव्हतं ते. बुडाशी दाबलेल्या मातीवर तिच्या तळव्याचा ठसा होता, बोटं वेगवेगळी ओळखू येत होती.

“मी…” तो म्हणाला.

त्याने घसा साफ केला. पुन्हा सुरुवात केली. “मी, विश्राम…”

वरून पाऊस आला, तसा कालिंदीने पदर डोक्यावर घेतला. पण ती आत गेली नाही. तोही उठला नाही. दोघं भिजत राहिली.

“नवरा आला तर?” त्याने खाली बघतच विचारलं.

“आला तर चहा देईन.”

“जाणार नाहीस?”

“नाही. तू हे उपटलंस तरी नाही. पुढच्या वर्षी फणस पिकतील, परत लावीन. त्याच्या पुढच्या वर्षीही लावीन. तू थकशील, दादा.”

तिने हे रागाने म्हटलं नाही. शेतावर जाते म्हणावं, तसं म्हटलं.

विश्रामच्या बोटांतून रोप सुटलं. ते किंचित हललं आणि सरळ झालं.

तो तसाच, ओल्या कपड्यांनी, वाट चढून गेला.

बुवा खोपीत घोंगडी पांघरून बसले होते.

“उपटलंस?”

“नाही.”

“मी तुला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं. ती म्हणाली, स्वतःचं नाव घे आणि उपट. मला नाव घेता आलं नाही, बुवा. तुमचं घेत होतो तोवर हात चालत होता.”

बुवांनी घोंगडी बाजूला केली.

“आता परत सांगतो. जा, उपट.”

विश्राम जागचा हलला नाही. केसांतून पाणी गळत होतं, ते जमिनीवर टपटपत होतं.

“नाही.”

“नाही?”

“नाही उपटणार.”

“माझा शब्द मोडतोस?”

“मोडतो.” त्याने कपाळावरचं पाणी निपटलं. “इथे परत येऊ नको म्हणालात, तर येणार नाही. खोपी मात्र शाकारून देईन. पण ते झाड राहील. विहिरीमागे, मधोमध. लोक कालिंदीचा फणस म्हणतील, तर म्हणू देत. मी पण म्हणेन.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

विश्रामनेही नजर खाली केली नाही. इतक्या वर्षांत तो बुवांच्या डोळ्यांकडे असा पहिल्यांदाच पाहत होता.

मग बुवा भिंतीला हात टेकून उठले. आढ्याला खोचलेला कोयता काढला. अंगठ्याने धार पाहिली. आणि तो विश्रामच्या पायापाशी ठेवला.

विश्रामचा चेहरा उतरला.

“बुवा, मी सांगितलं ना, मी ते तोडणार…”

“करवंदीच्या काट्या तोड,” सोयरूबुवा म्हणाले, “आणि आजच्या आज रोपाभोवती कुंपण घाल. शेळ्या मला विचारायला येत नाहीत.”