पहिली घागर

“हाक घातली होती मी! तुझा जावईच खाली झोपला होता, त्याला मी काय करू?” भद्रसेन खाणीच्या काठावर उभा राहून ओरडत होता.

“माझा जावई आळशी आहे, ते मी म्हणेन. तू नाही म्हणायचं,” म्हातारी कुंभा म्हणाली. “आणि झोपलेला माणूस हातात छिन्नी धरून सापडतो का रे?”

पूर्वी वेणुवती नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना हे भांडण चाललं होतं, आणि बोधिसत्त्व बाजूला उभा राहून ते ऐकत होता. त्या जन्मी तो सोमिल नावाचा व्यापारी होता. ही दगडाची खाण त्याची आणि भद्रसेनाची, निम्मी निम्मी. पण बैल, गाडे आणि राजवाड्यातली ओळखपाळख सगळी भद्रसेनाची. सोमिलाजवळ बेताची पुंजी आणि दगडाची पारख, एवढंच.

त्या खाणीत खडक घाव घालून फोडीत नसत. खडकाला ओळीने भोकं पाडायची, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वरून पाणी ओतायचं. लाकूड फुगतं, आणि हत्तीला न हलणारा खडक आपसूक दुभंगतो. कधी दुभंगेल याचा मात्र नेम नाही. कधी अख्खी रात्र जाते, तर कधी घागर रिकामी व्हायच्या आत तडकतो. म्हणून पाण्याची पहिली घागर मालकानेच ओतायची, असा तिथला रिवाज होता. तो मालकाचा मान. पण मानाच्या आधी एक काम होतं. काठावरून वाकून ‘वर या’ अशी हाक घालायची, आणि शेवटचा माणूस वर आलेला डोळ्यांना दिसल्यावाचून घागरीला हात लावायचा नाही.

राजाला नव्या सभामंडपासाठी खांब हवे होते. त्याचा अधिकारी पाहणीला आला, त्याच्यासमोर भद्रसेनाने घागर ओतली. खडक लगेच तडकला. खाली तिंबरू पाथरवट शेवटची पाचर नीट बसवीत होता. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला.

तिंबरूला दर खांबामागे ठरलेलं धान्य मिळे. तेवढंच धान्य तो जिवंत असेतो घरी येत राहावं, असं त्याच्या सासूचं, कुंभेचं मागणं होतं. घरात बायको होती, दोन लेकरं होती आणि दुसरा कमावता हात नव्हता.

“एकाला दिलं की उद्या दहाजण लंगडत येतील,” भद्रसेन म्हणाला.

“येतील ना! तू असाच ओततोस म्हटल्यावर येतीलच की.” कुंभेने त्याला उघड्या अंगाने याच दगडांवर खेळताना पाहिलं होतं, म्हणून तिचं सगळं अरेतुरेचं.

सोमिलाला वाटलं, शब्दाने शब्द वाढतोय, आपणच मिटवावं. तो पुढे झाला. “मावशी, माझ्या कणगीतून देतो मी. जा तू आता घरी.”

“तुझ्या कणगीतलं नको, बाळा. तू दिलंस तर ते दान होईल, आणि दान देणाऱ्याला हवं तेव्हा थांबवता येतं. मला त्याचं देणं हवंय.” मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तू त्या वेळी घागरीपाशीच होतास. सांग. हाक घातली का याने?”

पाथरवटांचे हात थांबले. भद्रसेनाने सोमिलाकडे पाहिलं. त्या नजरेत बैल होते, गाडे होते, राजाचे खांब होते. सोमिलाला ते सगळं दिसलं, आणि तिंबरूच्या हातातली छिन्नीही दिसली.

“नाही,” तो म्हणाला. “हाक घातली नाही. अधिकाऱ्याशी बोलता बोलता ओतली.”

भद्रसेन पांढराफटक पडला. पण पडला तरी नाक वर. “बरं, नाही घातली! तरी इतक्या माणसांत दगडाने त्यालाच का धरलं? मागल्या जन्मी कुणाचा तरी पाय मोडला असेल त्याने. त्याचं पाप त्याने फेडलं. कर्माच्या मध्ये मी कोण येणार?”

त्यावर कुंभा एकच वाक्य बोलली. पाथरवटांमधून कुणीतरी हसलं. भद्रसेन खाली दगडावर बसला.

त्या सुगीपासून खांबामागचं धान्य भद्रसेनाकडून तिंबरूच्या दारी जाऊ लागलं आणि तो असेतो जात राहिलं. रिवाजही बदलला. घागर ओतण्याआधी मालकाने स्वतः खाली उतरायचं, आणि सगळ्यांच्या मागून वर यायचं. सोमिलाशी मात्र भद्रसेन पुन्हा बोलला नाही. पुढल्या वर्षी भागीदारी तुटली. सोमिल जात्या-पाट्यांचे दगड विकू लागला आणि त्यात त्याचं बरं चाललं.

ही कथा सांगून शास्ते भगवान विहारात जमलेल्यांना म्हणाले, “तेव्हाचा भद्रसेन म्हणजे आजचा हा उपासक. विहाराच्या भिंतीवरून गवंडी पडला, तेव्हा ‘त्याचं नशीब’ असं तो सकाळी म्हणाला. तिंबरू म्हणजे तो गवंडी. कुंभा म्हणजे त्याच्या उशाशी बसलेली ती वृद्ध भिक्खुणी. आणि सोमिल मीच होतो. आपला तोटा समोर दिसत असताना पाहिलं ते सांगणं, ही सत्यपारमिता. पण त्या दिवशी भांडण मिटलं ते माझ्या सत्याने नव्हे, कुंभेच्या वाक्याने. ती म्हणाली होती:

‘पाप त्याच्या मागल्या जन्माचं, तर या जन्मातली घागर तुझ्या हातात काय करत होती?’”