परातीतले थोरले महाराज

“मुदत संपली, बाई! जुनी नाणी पाडव्यापर्यंत बदलून मिळत होती. आता हे नुसतं मोडीचं तांबं!”

खजिनदार भानजीपंतांनी नाण्यांचं गाडगं मागे ढकललं. ठकू कुंभारीण जागची हलली नाही.

“पंत, माझ्या नवऱ्यानं हे भट्टीच्या भिंतीत लपवलं होतं. सांगायच्या आधीच गेला तो. भिंत पडली काल, तेव्हा सापडलं!”

“आणि एवढ्या पैशांचं करणार काय?”

“गाढव घेणार. आमचं म्हातारं झालं, माती मीच डोक्यावरून वाहते.”

“हात्तिच्या! राजधानीत गाढवांना काय तोटा?”

“दिसतात ना! पण ओझं एकही उचलत नाही.”

दरबार खुसखुसला. राजा रणधीर मात्र हसला नाही. नव्या नाण्यावर स्वतःचा चेहरा उमटवून घेतल्यापासून त्याला जुनं नाणं डोळ्यांसमोर नको असे.

“यावर माझ्या वडिलांचा चेहरा आहे, माझा नाही!” तो गरजला. “ज्याचं नाणं, त्यानंच बदलून द्यावं. थोरल्या महाराजांना इथं घेऊन ये, एकास एक बदलून देतो!”

थोरल्या महाराजांना जाऊन वर्ष झालं होतं.

“आणते,” ठकू म्हणाली. “तुम्ही ओळखाल ना?”

“वडिलांना ओळखणार नाही होय?”

दुसऱ्या दिवशी ठकूनं मातीची मोठी परात सिंहासनापुढे ठेवली. परातीत काठोकाठ पाणी.

“आलेत. वाकून बघा, महाराज! हे नाणं शेजारी धरते, ताडून घ्या.”

राजा वाकला. तेच बाकदार नाक, तीच दुभंगलेली हनुवटी!

“छे!” पंत ओरडले. “यात थोरले महाराज कुठं आहेत?”

“म्हणजे महाराजांचा तोंडवळा वडिलांवर गेलेला नाही म्हणता? जरा मोठ्यानं सांगा, पंत. महाराजांच्या आईसाहेब पडद्याआड बसल्यात!”

पंत चटकन खाली बसले.

राजा पाण्यातून नजर काढीना. “बोलताना त्यांची एक भुवई वर जायची,” तो हळूच म्हणाला. पाण्यातली भुवई वर गेली.

“लेक हसली की तिचा बा असाच येतो माझ्याकडं,” ठकू म्हणाली.

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या. राजानं मान वर केली आणि तो खदखदून हसला.

“ओळखलं! हिचं गाडगं एकास एक बदलून द्या. आणि मुदत रद्द! वडिलांचं नाणं कुणीही, कधीही आणावं. शिवाय हिला बक्षीस म्हणून आमच्याकडचं एक तगडं गाढव द्या!”

पंत लगबगीनं उठले.

“महाराज,” ठकू घाईघाईनं म्हणाली, “चार पायांचंच द्या हो!”