पाठवायचा फोटो

"...पण डोळे मिटले की फोटो वाया गेला, हे तुम्हीच शिकवलंत ना, मास्तर?"

हर्षदने चपला काढायच्या आधीच प्रश्न टाकला.

"शिकवलं होतं," वामनमास्तर म्हणाले. "आधी बस. चहा घेणार?"

"चहाला वेळ नाही. ती माणसं चार वाजता खाली उतरायची. त्याच्या आत फोटो द्यायचाय."

"मग अर्धा घे."

वामनमास्तर म्हणजे आमच्या माथेरानचे जुने फोटोग्राफर. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नाही. पण चाळीस वर्षं नव्या जोडप्यांना पॉइंटवर उभं करून 'जरा जवळ सरका, परके नाहीत ते आता' असं शिकवत आले, म्हणून मास्तर.

तेव्हा जोडपी खरंच दोन हात अंतर ठेवून उभी राहायची. फोटो पंधरा दिवसांनी पोस्टाने जायचा. पाकिटावर पत्ता मास्तरांच्या पत्नी, कुमुदवहिनी लिहायच्या. अक्षर इतकं सुरेख की पाकीट फाडवू नये. फोटो पोचेपर्यंत त्या जोडप्याचं पहिलं भांडण होऊन गेलेलं असायचं, आणि फोटो बघून ते मिटायचं, असं मास्तर सांगतात. ते दिवस गेले. मला अजून त्यांची आठवण येते.

माझं चपलांचं दुकान शेजारीच आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मास्तरांच्या ओट्यावर असतो. म्हणजे बहुतेक वेळ तिथेच असतो.

हर्षद हा मास्तरांचा शिष्य, दहावीपासूनचा. हात चांगला, नजर त्याहून चांगली, आणि दोन्हींची त्याला पुरेपूर कल्पना. हल्ली प्रत्येक फोटोवर सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव टाकतो. एकदा मी म्हटलं, बाबा रे, डोंगर तरी दिसू दे. तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतो.

त्या दिवशीचं काम असं होतं. पुण्याचा कौस्तुभ नावाचा मुलगा लुईझा पॉइंटवर गुडघा टेकून एका मुलीला लग्नाचं विचारणार होता. हर्षदने झुडपाआड लपून फोटो काढायचे होते. तिला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

"हल्ली विचारायलाही फोटोग्राफर लागतो?" मी म्हटलं.

"आठवण राहते, बापूकाका."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तसं होत नाही. आधी ठरलेलं असतं."

ठरलेलं असतं तर विचारायचं कशाला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण पोरगं आधीच घायकुतीला आलेलं, म्हणून गप्प बसलो.

"मग? काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

"तेच तर. तो गुडघ्यावर बसला, अंगठी काढली, विचारलं. आणि हिने डोळे मिटले. दोन्ही हात असे छातीशी धरले, आणि नुसती उभी. एक मिनिट. पूर्ण एक मिनिट, मास्तर. मी दोनशे फोटो मारले. सगळे मिटलेले."

"नंतर उघडले असतील."

"तो घाबरला. म्हणाला, अगं डोळे उघड, फोटो काढतायत."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"उघडले तिने. पण मग ती मला शोधायला लागली. 'हो' म्हणाली ते झुडपाकडे बघून."

मला हसू फुटत होतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर काही दिसेना, म्हणून मीही आवरलं.

कौस्तुभ भडकला होता. दोनशे फोटोंत पाठवण्यासारखा एक नाही म्हणजे काय. आईवडील वाट बघतायत, मित्र वाट बघतायत. त्याचे फोटो म्हणे हजारो माणसं बघतात. ह्या फोटोखाली हर्षदचं नाव आलं, तर यंदाचा हंगाम हर्षदचा. नाही आलं, तर आहेतच शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो. तीन वर्षं तो अशा एका कामाची वाट बघत होता.

"पण मी तोडगा काढलाय," हर्षद म्हणाला, आणि फोन पुढे केला.

कड्यावर कोवळं ऊन, मागे दरी, गुडघ्यावर बसलेला मुलगा. आणि मुलीचे डोळे उघडे, चांगले टपोरे. काम बेमालूम होतं. मला तरी काही कळलं नसतं.

"कोणाचे डोळे हे?" मास्तरांनी विचारलं.

"तिचेच. दुसऱ्या फोटोतले आणून बसवले."

"त्या फोटोत काय बघत होती?"

हर्षद जरा अडखळला. "नंतर नाश्त्याला बसली होती. मेनूकार्ड बघत होती."

...

"काय मागवलं?"

"मिसळ."

मास्तरांनी फोटो पुन्हा निरखला. "हो. दिसतंय."

"लोकांना नाही दिसणार."

"नाव काय तिचं?"

"कोणाचं?"

"ह्या मुलीचं."

हर्षदने फोनवर बोट वरखाली केलं. "सगळं त्याच्या नावाने ठेवलंय... तिचं विचारायचं राहिलं."

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. हर्षदला ते लागलं असावं. तो इकडे तिकडे बघत राहिला, आणि त्याची नजर दारातून आतल्या भिंतीवर गेली.

तिथे कुमुदवहिनींचा फोटो आहे. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. फोटो लग्नाआधीचा, काळापांढरा. कड्याजवळ उभ्या आहेत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, आणि डोळे मिटलेले. मास्तरांच्या हातून बिघडलेला हा एकच फोटो, आणि तोही नेमका बायकोचा, म्हणून आम्ही त्यांना उभा जन्म चिडवत आलो. वहिनीही आमच्याबरोबर हसायच्या.

"थांबा, तुम्हाला दाखवतोच," म्हणत हर्षद आत गेला. भिंतीवरच्या फोटोचा फोटो घेतला. कपाटावर मास्तरांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो आहे, त्याचाही घेतला. मग ओट्यावर येऊन मान खाली घालून बसला. पाच-सात मिनिटं त्याची बोटं काचेवर फिरत राहिली.

"घ्या, मास्तर. एकच फोटो बिघडलेला होता तुमचा, तोही नीट झाला. ही माझी गुरुदक्षिणा समजा."

मास्तरांनी चष्मा पुसला. फोन दोन्ही हातांत धरला.

...

मी शेजारून डोकावलो. वहिनी समोर बघत होत्या. तरण्याताठ्या, डोळे उघडे, अगदी जिवंत. पोराने कमाल केली, असं मी म्हणणारच होतो.

मास्तर सावरून बसले. घरात अनोळखी बाई आल्यावर माणूस बसतो, तसे. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. आणि फोनकडे बघून अदबीने म्हणाले,

"नमस्कार. आपण कोणाकडच्या?"

हर्षदचा चेहरा उतरला.

"चुकलं का काही, मास्तर?"

"हात छान आहे तुझा. मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बायकांच्या सुरकुत्या घालवायचो. हे मला जमलं नसतं."

त्यांनी फोन परत दिला.

"मग?"

मास्तर बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक रिकामा घोडा चालला होता. तो वळणाआड जाईपर्यंत ते थांबले.

"स्थळाला पाठवायचा फोटो होता तो," ते म्हणाले. "अलिबागचं स्थळ. पोस्टातल्या सावंतांची मुलगी, आत्याबरोबर आली स्टुडिओत. फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, डोळे मिटले गेले, परत यावं लागेल."

"मिटले होते?"

"टक्क उघडे होते."

...

"आठ दिवसांनी परत आल्या. मी परत तेच सांगितलं. आत्या वैतागली. म्हणाली, घरी तर ही एवढे डोळे मिटत नाही."

हर्षद हसला नाही. मीही नाही. मास्तर मात्र जरासे हसले, स्वतःशीच.

"तिसऱ्या खेपेला म्हटलं, स्टुडिओतल्या दिव्याने डोळे दिपतात. पॉइंटवर काढू. लुईझालाच गेलो. तेव्हा कॅमेरा तिवईवरचा, वर काळं फडकं. फडक्याखालून बघायचं, मग बाहेर येऊन रबरी फुगा दाबला की फोटो निघायचा... आत्याच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी माकडाने पळवली. ती छत्री घेऊन त्याच्यामागे गेली."

"आणि काकू?"

"मी बाहेर आलो. फुगा हातात. म्हटलं, इकडे बघा..."

मास्तरांनी फुगा धरल्यासारखी मूठ मिटली.

"तर म्हणाली, आज मीच मिटून घेते. म्हणजे तुम्हाला खोटं बोलायला नको."

...



"मी फुगा दाबला," मास्तर म्हणाले. "आत्या आल्यावर सांगितलं, हा काही अलिबागला पाठवता येणार नाही."

तीस वर्षं मी त्या फोटोसमोर बसून चहा प्यालो. तीस वर्षं त्याची थट्टा केली. वहिनी कशाला हसत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. मला लाज वाटली, आणि त्यांची फार आठवण आली. त्या असत्या तर मी आत जाऊन त्यांना नमस्कार केला असता.

"मग मला का शिकवलंत, मास्तर?" हर्षद हळूच म्हणाला. "डोळे मिटले की वाया, असं?"

"ते सांगायची सवयच लागली होती मला."

हर्षदचा फोन वाजला. कौस्तुभचा निरोप होता, झाला का म्हणून. साडेतीन होऊन गेले होते.

हर्षदने दोन्ही फोटो समोर घेतले. एकात मिसळ मागवणारे डोळे, एकात मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांचा त्याने बोटांनी मोठा केला. सकाळपासून पहिल्यांदाच तो त्या मुलीकडे बघत असावा. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी होतं, हसू म्हणावं तर हसू नव्हतं. हात छातीशी घट्ट धरले होते.

त्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर कपातला चहा बघत होते. काहीही सांगायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

त्याने मिटलेल्या डोळ्यांचा फोटो पाठवला.

उत्तर लगेच आलं. त्याने ते मोठ्याने वाचलं. "'हा? दुसरा नाही का?'"

फोन हातात धरून तो बसून राहिला. मला त्याची दया आली. मास्तर, सांगा त्याला काहीतरी, असं मनात आलं. पण मास्तर ढिम्म.

"नाही," असं हर्षदने लिहिलं.

पुन्हा फोन वाजला. ह्या वेळी वाचताना त्याचा आवाज जरा बसला होता. "'मग तुझं नाव टाकणार नाही मी.'"

तीन वर्षं वाट बघितलेलं काम. मी मान फिरवली. असं काही सोडताना माणसाच्या तोंडाकडे बघू नये.

"चालेल," हर्षदने लिहिलं.

मग त्याने मिसळवाल्या डोळ्यांचा फोटो पुसून टाकला. वहिनींचे डोळे उघडलेला फोटोही पुसला. त्याला थोडा जास्त वेळ लागला. फोन खिशात गेला. कपातला चहा गार झाला होता, तो त्याने तसाच पिऊन टाकला.

चार वाजले. खाली जाणारी माणसं बॅगा घेऊन रस्त्याने निघाली. त्यांत ती दोघं असतील, नसतील. आम्ही कोणी बघायला उठलो नाही.

"मास्तर..." हर्षद म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता नेहमीची ऐट नव्हती. "काकूंनी मग डोळे उघडले असतील ना? त्याच्यानंतर?"

"उघडले की."

"तो फोटो कुठाय?"

मास्तरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

...

"तेव्हा कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं."