तिसऱ्या मजल्यावरचं तूप

भागीरथीबाईंनी मिरजेत चाळीस वर्षं खानावळ चालवली होती. आता त्या वृद्धाश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावर राहत. गार वरणभातानं शेजारच्या यमूताईंचं पोट आठवड्यात दोनदा बिघडलं, तशी बाईंनी तक्रार ठोकली.

तपासणीला सरकारी साहेब आले. व्यवस्थापक नाडगौडांनी त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि वाफाळत्या वरणात थर्मामीटर बुडवला. "नव्वद अंश! म्हातारपणी तोंडच गार पडतं, साहेब, त्याला आम्ही काय करणार?"

साहेब हसून शेरा लिहू लागले.

"लिहा सावकाश," दारातून भागीरथीबाई म्हणाल्या. "आधी दोघंही आमच्या पंगतीला वर या."

खालचे दोन मजले वाढून ताटं वर यायला तास गेला. बाईंनी नाडगौडांच्या भातावर आपल्या बरणीतलं घट्ट तूप वाढलं. सगळ्या म्हाताऱ्या वाकून बघू लागल्या. तूप ढिम्म वितळेना.

"साहेब, तुमचा थर्मामीटर खाली जेवतो, आम्ही वर जेवतो. त्याची तब्येत ठणठणीत आहे, आमची तेवढी बघा!"

साहेबांनी शेरा खोडला. "नाडगौडा, उद्यापासून थर्मामीटर यांच्या ताटात."

दुसऱ्या दिवशी भागीरथीबाई मजलाभर मिरवत सांगत होत्या, "अगं, यमूची जीभ पोळली!"