पाच घरांची भाकरी

"…आणि लोकच जर समाधानी असतील बुवा, तर सरकारने मध्ये कशाला पडायचं?"

सारंग देवस्थळीने हा प्रश्न मठाची पायरी चढता चढताच टाकला. चप्पल अजून पायात होती.

नागेशबुवा ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"चप्पल काढ," ते म्हणाले.

हा सारंग कॉलेज संपल्यावर दीड वर्ष आमच्या मठात राहिला होता. बुवांना प्रश्न विचारून भंडावून सोडणारा एवढा एकच शिष्य मी पाहिला, आणि उत्तरासाठी न थांबणाराही हाच. आता तो दिल्लीत एका सरकारी समितीवर होता. समिती तिघांची. फोन बनवणारी एक अवाढव्य कंपनी आपली शेवटची प्रतिस्पर्धी कंपनी विकत घ्यायला निघाली होती. तिला परवानगी द्यायची की नाही, हे या तिघांनी ठरवायचं होतं.

एक जण हो म्हणून बसला होता, एक जण नाही. राहिला सारंग. उद्या अकरा वाजता परवानगीच्या कागदावर त्याची सही व्हायची होती.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी सारंगच्या समितीचं काही पडलं नव्हतं. बुवांच्या पोटात तीन दिवस अन्नाचा कण नव्हता. रोज दुपारी ते मधुकरी मागून आणायचे, झोळी उघडून बघायचे आणि सगळं गाईपुढे ठेवायचे. का, म्हणून विचारलं तर गप्प. ऐंशी ओलांडलेला माणूस. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"किती जणांना विचारलंस?" बुवांनी सारंगला विचारलं.

"बेचाळीस हजार." हे सांगताना त्याची मान ताठ झाली. "फोनमधलं काय आवडतं, काय खुपतं, काय काढून टाकावंसं वाटतं. एकोणीस प्रश्न. या विषयावर एवढी मोठी पाहणी आजवर कुणी केलेली नाही."

"काय म्हणाले?"

"समाधानी आहेत."

"कशावर?"

"सगळ्यावर. आताच्या फोनला बुद्धी आहे, बुवा. तुमची पत्रं तो लिहितो, फोटो सुधारतो, कुणाला काय उत्तर द्यायचं तेही सुचवतो. कंपनीची जाहिरातच आहे, तुमच्या मनात येण्याआधी आम्हाला कळतं."

बुवांनी हातातली वात पुरी केली.

"मग मनाला काय काम उरलं?"

सारंग मोठ्याने हसला. मीही हसलो. बुवा हसले नाहीत, तेव्हा आम्ही दोघं थांबलो.

"लोक समाधानी आहेत," बुवा म्हणाले, "तर सही करून मोकळा हो. इतक्या लांब कशाला आलास?"

सारंगने फोन बाजूला चटईवर ठेवला.

गाईने शेपटी झटकली. बुवांनी दुसऱ्या वातीला कापूस घेतला.

"झोप लागत नाही," सारंग हळूच म्हणाला.

"हं."

"एक बाई आहेत, बुवा. वडिलांच्या तेराव्याला त्यांनी घरच्यांचा फोटो काढला. फोनने सगळ्यांचे चेहरे हसरे केले. त्यांची आईसुद्धा… दात दिसेपर्यंत हसरी. त्यांनी तेव्हा आमच्याकडे तक्रार पाठवली होती. चार पानं, हाताने लिहिलेली. जागोजागी शाई फुटलेली."

"मग?"

"या पाहणीत, 'तुमचं मत' या रकान्यात त्याच बाईंचं उत्तर आलं. एकंदरीत अनुभव समाधानकारक आहे."

"एवढंच?"

"एवढंच. मी त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, अहो मी कुठे काय लिहिलं? फोनवर प्रश्न आले, फोनच म्हणाला, मी भरून देऊ का? मी हो म्हटलं."

बुवांचे हात थांबले.

"म्हणून मी बाकीची उत्तरं चाळली. तेच वाक्य, बुवा. एकंदरीत अनुभव समाधानकारक आहे. चाळीस हजारांहून जास्त वेळा. काना-मात्रेचाही फरक नाही."

"मग तसं लिही की अहवालात. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

सारंगने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला.

"हा माझा पहिला मसुदा. एकही उत्तर यायच्या आधी लिहिलेला. शेवटचं पान बघा."

बुवांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मीच वाकून वाचलं. तेच वाक्य होतं.

"चार वर्षं मी सगळं फोनच्या मदतीनेच लिहितोय," सारंग म्हणाला. "हे वाक्य मी लिहिलं की त्याने लिहिलं… मला आठवत नाही. सही नाही केली, तर तो निर्णय तरी माझा असेल का? मला समजत नाही बुवा, मला खरंच समजत नाही."

हा पोरगा एकेकाळी बुवांशी तासतास वाद घालायचा. चुकीचा का असेना, पण वाद त्याचा स्वतःचा असायचा.

"जेवलास?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"झोळी घे. मधुकरी मागून आण. हे बरोबर येतील."

हे म्हणजे मी.

आमच्या मठात चूल नाही. बुवांच्या गुरूंपासूनचा नेम असा, की पाच घरी जायचं, प्रत्येक घरचं थोडं थोडं घ्यायचं आणि ते एकत्र कालवून खायचं. एकाच घरचं अन्न पोटभर घ्यायचं नाही, मग ते घर कितीही मोठं असो. सारंगने दीड वर्ष हा नेम पाळला होता. आणि पाचच घरं का, म्हणून वादही घातला होता.

आम्ही निघालो. पहिल्या घरी भाकरी मिळाली, दुसऱ्या घरीही मिळाली. तिसऱ्या घरी सूनबाई मोबाइलवर बोलत बोलतच भाकरी टाकून आत गेली. चौथ्या घरी कुलूप होतं, म्हणून शेजारी गेलो. तिथे भाकरीबरोबर मिरचीचा ठेचाही मिळाला. सारंग एकेक घर बोटांवर मोजत होता. त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

पाचवं घर हौसाबाईंचं. म्हातारी दारातच बसली होती. तिच्या हातची भाकरी एका अंगाला नेहमी करपलेली असायची. बुवा तेवढाच तुकडा आधी खायचे, हे मला ठाऊक आहे.

तिने आतून भाकरी आणली. पांढरीशुभ्र होती. कडेला कुठे करपली नव्हती.

"बुवांस्नी काय सांगू नगंस हां," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "बागलांच्या मशीनची हाय."

वरच्या आळीच्या बागलांनी वर्षभरापूर्वी भाकरीचं मशीन आणलं होतं. स्वस्त आणि घरपोच.

"तुम्हीसुद्धा, आजी?" सारंगने विचारलं.

"सून तितलीच आनती. मऊ आसती, दाताला बरी. मी आपली बुवांपुरती येक थापायची. तीन दिस झालं, थापाय बसले, तर हात वळंना."

"म्हणजे?"

तिने दोन्ही तळवे पुढे केले आणि थापल्यासारखे हलवले. एकदा हलवले, थांबवले, पुन्हा हलवले.

"साठ वर्सं थापली रं. आन काय करायचं त्येच ध्यानात यीना. पिठाकडं बघत बसले नुसती… लई भ्या वाटलं मला." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि घाईघाईने म्हणाली, "पर मशीनची बी ग्वाड लागती हां. तक्रार न्हाई काय. समदं बरं हाय."

सारंगचा चेहरा पांढरा पडला. परतीच्या वाटेवर तो झोळी छातीशी धरून चालत होता. बुवा तीन दिवस का जेवले नाहीत, हे मला आत्ता कळत होतं. रोज त्यांच्या मागे मागे फिरणारा मी, आणि एकदाही झोळीत वाकून पाहिलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

बुवा होते तिथेच होते. समोर त्यांनी आपला रिकामा कटोरा मांडून ठेवला होता.

"किती घरं झाली?"

"पाच," सारंग म्हणाला.

"मांड."

त्याने झोळीतून भाकऱ्या काढून ओळीने मांडल्या. पाचही एका मापाच्या, काठ सारखे. प्रत्येकीवर एकाच जागी, चिंचोक्याएवढा तपकिरी डाग. मशीनच्या तव्याचा असावा.

"किती घरं?"

सारंगने पाचवी भाकरी उचलून पहिलीवर ठेवली. डागावर डाग बसला. त्याने ती पटकन खाली टाकली.

"एक," तो म्हणाला.

"बेचाळीस हजारांचं काय?"

"…एक."

"आता तुझं मत सांग."

सारंगने तोंड उघडलं.

"एकंदरीत…"

आणि त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. डोळे विस्फारले होते. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चटईवर ठेवलेला त्याचा फोन उजळला. मला वाचता आलं. 'उत्तर लिहायला मदत करू का?'

आम्ही तिघंही त्या उजेडाकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने तो आपोआप विझला.

बुवांनी कानामागची पेन्सिल काढून सारंगपुढे ठेवली.

त्याने मसुद्याचं शेवटचं पान पालथं घातलं. पेन्सिल धरली, सोडली, पुन्हा धरली. त्याचा हात वळत नव्हता. एक शब्द लिहिला आणि खोडला. कपाळावरून घाम कागदावर पडला. वातींचा कापूस संपला, गाय उठून सावलीला गेली, तरी तो लिहीतच होता. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं गिचमिड आलं होतं, आणि दोन जागी र्‍हस्वदीर्घ चुकलं होतं.

"वाच," बुवा म्हणाले.

सारंगने वाचलं.

"मला भीती वाटते. मी कुणालाच काही विचारलेलं नाही. त्या बाईंची आई त्या दिवशी रडत होती. मी सही करणार नाही."



बुवांनी पाचही भाकऱ्या उचलल्या आणि माझ्याकडे दिल्या, गाईसाठी. माझे डोळे भरून आले. आजही उपास, चौथा दिवस. 'एक घास तरी घ्या हो' असं म्हणणार होतो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून भाकऱ्या घेतल्या.

त्यांनी सारंगच्या हातातला कागद घेतला, नीट घडी घातली आणि रिकाम्या कटोऱ्यात ठेवला. मग झोळी झटकली, पेन्सिल तिच्यात टाकली आणि ती पुन्हा त्याच्या खांद्याला अडकवली.

"एक घर झालं," बुवा म्हणाले. "चार राहिली."