हातांचा घास

“मग हातांना खायला काय घालू, माई?”

हिंदुराव पैलवानाने तिसऱ्यांदा तेच विचारले. पैलवान माणसाला कुठल्याही दुखण्यावर खुराकच सुचतो.

भागूमाई माळावरच्या मठात एकट्याच राहत. सत्तरी उलटली होती, तरी उत्सवाची पायलीभर ज्वारी त्या एका बैठकीत दळत. म्हणूनच वस्तादांनी हिंदुरावाला त्यांच्याकडे धाडले होते. गेल्या दोन्ही कुस्त्यांत त्याचे हात मध्येच गळाले होते. येत्या जत्रेच्या कुस्तीतही गळाले, तर तालमीतून वळकटी उचलायची होती. आणि आई गेल्यापासून त्याला तालमीवाचून दुसरे घर नव्हते.

“ती चूल फुंक,” माई म्हणाल्या.

लाकडे बाभळीची, ओली. ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत हिंदुराव फुंकणीला तोंड लावून बसला. जाळ काही धरेना.

“ऱ्हाऊ दे. आता दळ.”

काल याच जात्यावर त्याने हसत हसत दोन शेर दळले होते. आज चार मुठींतच दंड भरून आले. खुंटा हातातून सुटला.

“हातांनी तर नुसती फुंकणी धरली हुती, माई!”

“हात न्हाईत दमलं. छाती दमली.”

“पन गळालं तर हातच.”

“दमलेली छाती आधी आपला घास घेती, बाबा. हात उपाशी ऱ्हात्यात.”

हिंदुराव आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

“आखाड्यात तर फुंकणी नसती,” माई म्हणाल्या. “तिथं कुठली चूल फुंकून जातोस?”

...

हिंदुरावाने फुंकणी उचलून चुलीपाशी नीट ठेवली.

“आईला पोचवून आलो, आन् दुसऱ्याच दिशी मातीत उतरलो. समदी म्हनली, पैलवान गडी, रडायचं न्हाई. तवापास्नं...” त्याने छातीवर मूठ ठेवली. “हितं धरून ठेवलंय.”

“कुनापाशी बोललास?”

“कोन हाय?”

माई उठून जात्यापाशी त्याच्या समोर बसल्या. खुंट्यावर त्याचा हात ठेवला, त्याच्या हातावर आपला.

“ओवी म्हन.”

“मला कुठली येतीया?”

“आईचं नाव काय?”

“हौसा.”

“तेवढंच म्हन. दर फेऱ्याला एकदा.”

पहिल्या फेऱ्याला आवाज फुटला नाही. दुसऱ्याला फुटला, तो नुसता हंबरडा. एवढा थोरला गडी, लेकरासारखा रडला. माईंवाचून ऐकायला माळावर कुणी नव्हते, हे बरेच झाले. आणि वाईटही.

जाते फिरत राहिले.

किती वेळाने कोण जाणे, त्याने डोळे पुसले. ज्वारीचे मडके रिकामे झाले होते. खुंट्यावर त्याचा एकट्याचाच हात होता. माईंनी आपला केव्हाच काढून घेतला होता. त्या नुसती जात्यात मूठमूठ ज्वारीची वैरण घालत राहिल्या होत्या.

त्याने खाली पाहिले आणि तो ओशाळला.

“माई... पीठ भिजलं.”

“भिजू दे. भाकरीला पानी लागतंच.”