मेजावर राहिलेला ट्रे

एका शहरात एक प्रयोगशाळा होती. तिथे डॉक्टर अष्टपुत्रे नावाचे नामांकित शास्त्रज्ञ उंदरांचे मेंदू तपासत. मेंदूत इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक असतं, नरातही आणि मादीतही. मेंदू त्याची मोडतोड करून दुसरे पदार्थ बनवतो. ही मोडतोड किती होते ते डॉक्टर मोजत. मेंदूचे तुकडे करून गोठवायचं काम मात्र इंदुमती ढोबळे यांचं. बावीस वर्षं त्यांनी ते मान खाली घालून केलं होतं.

तिथली एक रीत होती. मेंदू सगळे सकाळीच काढायचे, पण गोठवायचं भांडं लहान, म्हणून आधी नरांचे गोठवायचे. माद्यांचा ट्रे मेजावर राहायचा. सगळ्यांची जेवणं उरकली की मग त्याची पाळी. घरात पुरुषांची पंगत आधी बसते, तसंच हे चालत आलं होतं. कोणी कधी विचारलं नाही.

एक दिवस डॉक्टरांनी निष्कर्ष लिहिला: मादीच्या मेंदूत इस्ट्रोजेन टिकतच नाही, तिची घडणच तशी. तेव्हा विसराळू बायकांना इस्ट्रोजेन देऊन पाहण्याची चाचणी बंद करावी. इंदुमतींची अक्का त्याच चाचणीत होती. परवाच तिला स्वतःच्या लेकीचं नाव आठवेना.

इंदुमतींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तुकडा ट्रेमध्ये पडला तरी मोडतोड चालूच राहते. गोठवल्यावरच ती थांबते. माद्यांचे तुकडे तीन तास बाहेर असतात."

"ढोबळेबाई, तुम्ही तुकडे करा. विचार करायला आम्ही आहोत."

एवढा शिकलेला माणूस, आणि ही भाषा! दुसऱ्या दिवशी इंदुमतींनी माद्यांचे तुकडे आधी गोठवले, नरांचा ट्रे मेजावर ठेवला आणि वहीत तसं स्वच्छ लिहून ठेवलं.

आकडे आले. माद्यांचं इस्ट्रोजेन शाबूत, नरांचं गायब. डॉक्टरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"यंत्र बिघडलंय. परत मोजा."

परत मोजलं. तेच आलं.

"मग तुकडे बाहेर राहिले असतील. नराच्या मेंदूत असं होणारच नाही."

"राहिले ना सर. तीन तास. वहीत लिहिलंय. बावीस वर्षं माद्यांचं हेच होत होतं, तेव्हा तुम्हाला यंत्रावर शंका आली नाही."

डॉक्टरांनी आपला निष्कर्ष मागे घेतला. चाचणी बंद झाली नाही, पण माफीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. इंदुमतींचा राग त्यांच्यावर होताच. त्याहून जास्त तो स्वतःवर होता. बावीस वर्षं तो ट्रे मेजावर ठेवणारे हात त्यांचेच होते.

तात्पर्य: ज्याला आपण रोज मागे ठेवतो, त्याच्या घडणीत खोट काढण्याआधी आपली रीत तपासावी; आणि ती रीत मुकाट्याने पाळणाराही त्या अन्यायात वाटेकरी असतो.